वायरलेसवाले भोये

भोयेकाकांना जाऊन येत्या भाद्रपदात एक वर्ष होईल. जव्हारात त्यांना भोये म्हणून फारसं कुणी ओळखत नव्हतं. एस.टी. डेपोमागच्या आळीत 'वायरलेसवाले कुठं राहतात' असं विचारलं, की लोक लगेच बोट दाखवायचे: ते निळं दार, पुढं पेरूचं झाड. पोलिसांच्या बिनतारी विभागात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. नोकरी सुटली, नाव चिकटून राहिलं.

मी जव्हार-मोखाड्यात घरोघरी इंटरनेटच्या जोडण्या देतो. या धंद्यात माणसं आधी तक्रारीवरून कळतात आणि मग चेहऱ्यावरून. कुणी फोन लागल्या लागल्या अंगावर येतं, कुणी 'नेट गेलं' एवढंच म्हणून ठेवून देतं. काकांचा पहिला फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या बाजारात एका खांबाखाली शिडी धरून उभा होतो.

"बोला," मी म्हटलं.

पलीकडे काहीच नाही. मी ठेवणार तेवढ्यात आवाज आला. सावकाश, एकेक शब्द सुटा.

"भोये बोलतो, जव्हारवरून. माझ्याकडे दोन स्पीकर हायेत, वायफायवरचे. स्वयंपाकघरातल्या स्पीकरचा आवाज तुटतो. आठ दिवसांत अकरा वेळा. नोंद ठेवली हाय. कधी येणार?"

"उद्या येतो."

पुन्हा तेवढीच शांतता. मग, "उद्या. ठीक. संदेश संपला."

दुसऱ्या दिवशी गेलो तर दारात एक ठेंगणा, काळासावळा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. घरातच होते, कुठं जायचंही नव्हतं, पण कपडे ड्यूटीवर निघाल्यासारखे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि एक लांबट नोंदवही पुढं केली. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वेळ, किती वेळ बंद, आवाजाचा प्रकार, कारण. प्रकाराच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'खरखर', 'तुटक', 'बुडबुड'. बुडबुड वाचून मला हसू आलं.

"हसू नको," काका म्हणाले. रागावून नाही, शिकवल्यासारखं. "खरखर म्हणजे मधे दुसरं कुणीतरी बोलतंय. बुडबुड म्हणजे आपलंच लांब पडतंय. दोघांचं औषध वेगळं."

मी पंधरा वर्षं हे काम करतोय. एवढी नेमकी तक्रार मला आजवर कुणी दिली नव्हती.

ते स्पीकर त्यांच्या मुलीनं, रेखानं बसवलेले. रेखाताई पुण्यात एका दवाखान्यात नर्स. एकुलती एक. चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काकांचा डावा कान गेला होता आणि उजवा निम्मा उरला होता. मोबाईलवर त्यांना धड ऐकू यायचं नाही. सुमनकाकू होत्या तोवर मुलीचं बोलणं त्या ऐकायच्या आणि यांना मोठ्यानं सांगायच्या. काकू गेल्यावर रेखाताईंनी एक स्पीकर बाहेरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात ठेवला. त्यांनी पुण्याहून फोन लावला की यांनी बटणसुद्धा दाबायला नको. आवाज आपोआप घरात यायचा, मोठा आणि स्वच्छ. रोज संध्याकाळी साडेसातला.

नोंदवहीत 'कारण' या रकान्यात काकांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'शेजारचा ओव्हन?'

"बाजूला पंचायत समितीतल्या बाई राहतात," ते म्हणाले. "त्या आल्या की जेवण गरम करतात. टिंग वाजतं ना, ते मला ऐकू येत नाय, पण बाईंच्या कुत्र्याला येतं. तो भुंकतो. तो भुंकला की माझा आवाज साफ."

मला ते पटलं नाही. मी राउटर तपासला, तारा तपासल्या, राउटर लोखंडी कपाटाच्या मागं होता तो बाहेर काढून उंचावर लावला. मग शेजारच्या बाईंना विनंती करून त्यांचा ओव्हन चालू करायला लावला. इकडे स्वयंपाकघरातला स्पीकर लागलाच खरखरायला. बाईंचा मायक्रोवेव्ह ओव्हन होता बरोबर भिंतीपलीकडे, स्पीकरपासून हातभर अंतरावर. हे स्पीकर वायफायच्या ज्या जुन्या, गर्दीच्या वाटेनं बोलतात, त्याच वाटेवर अशा ओव्हनचा गोंगाट असतो. मी स्पीकर समोरच्या भिंतीवर नेला, राउटरची वाहिनी बदलली. आवाज साफ झाला.

काकांनी घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि प्रश्नचिन्ह खोडलं. बास. 'मी म्हटलं होतं ना' वगैरे काही नाही.

त्यानंतर माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं. आळीतून जाताना हाक यायची, "विलास, चहा." काळा चहा, गवती चहा घातलेला. काका मुळात सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. तिथं नागलीची, म्हणजे नाचणीची शेती, उन्हाळ्यात पाण्याचे हाल. आश्रमशाळेत शिकले, पोलिसांत लागले, जव्हारला घर केलं. माझ्याशी ते सरकारी वळणाचं मराठी बोलायचे, त्यात 'नाय' आणि 'हाय' तेवढं पाड्यावरचं राहिलेलं. पाड्यावर त्यांची धाकटी बहीण होती, जनी. ती बाजाराला आली की दोघं दारात बसून आपल्या बोलीत बोलत. तेव्हा काका वेगळेच वाटायचे. भरभर बोलायचे, मधेच हसायचे, हातवारे करायचे.

एरवी मात्र त्यांच्याशी बोलणं म्हणजे कसोटी होती. तुमचं वाक्य संपलं की ते दोन-तीन सेकंद गप्प राहत. तोंडाकडे बघत. मग बोलत. नव्या माणसाला वाटे, हा रागावलाय, नाहीतर याला ऐकू आलं नाही. मीही पहिले काही दिवस प्रत्येक प्रश्न दोनदा विचारत होतो.

"वायरलेसवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं," त्यांनी एकदा समजावलं. "त्याचं बटण दाबलेलं असताना तू बोललास तर तुझंही जात नाय, त्याचंही येत नाय. म्हणून त्याचं झालं, असं वाटलं तरी थांबायचं. न जाणो, त्याला अजून काही सांगायचं असेल."

या सवयीपायी त्यांचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. बघण्याच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? काका थांबले. सासऱ्यांनी टोपी उचलली आणि उठून चप्पल शोधायला लागले. काकूंनीच आतून सांगितलं म्हणे, "अहो बाबा, ते बोलतायत, थांबा की जरा." पुढं संसारात त्या वैतागल्या की म्हणायच्या, "बोला आता, मी बटण सोडलंय." हे सांगताना काका हसले, आणि हसणं ओसरल्यावर रिकामा कप धुवायला आत गेले.

नोकरीच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. चोर-दरोडे, मंत्र्यांचे दौरे, यातलं काही नाही. एकच गोष्ट त्यांनी मला पूर्ण सांगितली, तीसुद्धा मी विचारलं म्हणून. मी सहज म्हटलं होतं, "काका, नोकरीत डोंगरावर एकटं राहायची सवय असल्यावर आता हे एकटेपण जड जात नसेल."

थांबले. नेहमीपेक्षा जास्त.

"एका डोंगरावर आमचं केंद्र होतं," ते म्हणाले. "खालचे संदेश घ्यायचे, पुढं पाठवायचे. दोन माणसं असायची. पावसाळा होता. जोडीदाराला ताप आला, तो खाली गेला, आणि मग वाट वाहून गेली. मी एकटा. दुसऱ्या दिवशी दुपारी संदेश आला. पलीकडचा पोरगा नवा होता, त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं. म्हणाला, लिहून घ्या. मी लिहून घेतलं. 'ऑपरेटर भोये यांस कळवावे, वडील काल वारले.' मी वाचून दाखवला, तसा नियम हाय. त्यानं विचारलं, संदेश भोयेंना पोचवणार का? मी म्हटलं, पोचला."

"मग?"

"मग पुढचा संदेश होता. नदीच्या पाण्याचा. तो खाली पाठवायचा होता."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही, की तुम्हीच भोये म्हणून?"

"कशाला? तो घाबरला असता. नवा होता." कप खाली ठेवून त्यांनी विषय मिटवला. "तिसऱ्या दिवशी बदली माणूस वर आला. घरी गेलो तेव्हा सगळं उरकलं होतं. जनीनं विचारलं, दादा, तुला कळलं कधी? मी म्हटलं, वेळेवर कळलं."

त्या दिवसानंतर मी त्यांना एकटेपणाबद्दल कधी विचारलं नाही.

काका जायच्या आदल्या वर्षीची, दिवाळीआधीची गोष्ट. रेखाताईंचा मला फोन आला. आवाज तुटायला लागला होता पुन्हा.

"विलासदादा, रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. आम्ही बोलत असतो, आणि दहा-बारा मिनिटांनी मधेच सगळं खरखरतं आणि बंद. मला इथं धसका बसतो हो. बाबा पडले की काय, काय झालं, काही कळत नाही. बघा ना जरा."

मी गेलो. सगळं तपासलं. शेजारच्या बाईंची बदली होऊन खोली रिकामी होती, म्हणजे तो ओव्हन नाही. आळीत नवे राउटर किती आले ते पाहिलं, वाहिनी पुन्हा बदलली. तार बदलली. शेवटी राउटरच नवा लावला. चार दिवसांनी रेखाताईंचा फोन: पुन्हा तेच.

मला एक गोष्ट खटकत होती. या वेळी काकांनी नोंदवही पुढं केली नव्हती. साधा बल्ब लुकलुकला तरी वेळ लिहून ठेवणारा माणूस, आणि आठवड्यात चारदा आवाज बंद पडून वहीचं नाव नाही. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "काका, वही बघू."

थांबले. मग उठले, कपाटातून वही काढली आणि माझ्या हातात देऊन खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

नोंदी होत्या. एकही चुकलेली नव्हती. तारीख, वेळ, दोन मिनिटं बंद, खरखर. आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच अक्षर. 'मी.'

"काका, हे 'मी' काय?"

"मी म्हणजे मी."

स्वयंपाकघरात ओट्यावर एक ओव्हन होता. रेखाताईंनीच पाठवलेला, बाबांना गरम खाता यावं म्हणून. आणि स्पीकर, जो मी समोरच्या भिंतीवर नेला होता आणि आधीच्या दोन्ही खेपांना तिथंच दिसला होता, तो आता त्या ओव्हनला खेटून ठेवलेला होता.

"आत पेलाभर पाणी ठेवतो," काका खिडकीपाशी उभे राहूनच म्हणाले. "रिकामा लावला तर बिघडतो."

आधी राग आला. मी तीन चकरा मारल्या होत्या, नवा राउटर लावला होता. मग ते तिथं पाठमोरे उभे होते, इस्त्रीचा शर्ट, मान थोडी खाली, ते बघून राग कुठं गेला ते कळलं नाही.

"असं का केलंत?"

"ती पुण्याला बोलावते. तिनं मोठं घर घेतलंय. घर विकू म्हणते हे. चांगल्या मनानं बोलावते. मला नाय जायचं."

"मग तसं सांगा ना त्यांना."

"सांगतो," ते वळून म्हणाले. "पोचत नाय."

याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी समजला. साडेसातला मी मुद्दाम तिथं थांबलो. काकांनी भाकरी तव्यावर टाकली होती. बरोबर वेळेला स्पीकरमधून रेखाताईंचा आवाज आला आणि ते छोटं स्वयंपाकघर भरून गेलं.

"बाबा, जेवलात का? गोळी घेतलीत? इथं आज जरा गारवा आहे. बाबा, त्या घराचं मी बोलले होते ना, तिसऱ्या मजल्यावर आहे पण लिफ्ट आहे, खाली बाग आहे, तुमच्या वयाची माणसं बसतात संध्याकाळी. तुम्हाला करमेल. येणार ना? संक्रांतीपर्यंत आलात तर बरं. बाबा?"

काका थांबले होते. त्यांची ती दोन-तीन सेकंदं. त्यात पुण्याहून इथं यायला आवाजाला लागणारा थोडा वेळ, आणि इथून परत जायला तेवढाच. ते बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात—

"बाबा? हॅलो? ऐकू येतंय का? आज पण तुटलं वाटतं. बाबा, मी काय म्हणते, सामान फार आणायचंच नाही..."

काकांनी तोंड मिटलं. भाकरी उलटली. पुन्हा प्रश्न आला, पुन्हा ते थांबले, पुन्हा तिकडून 'हॅलो, हॅलो' सुरू झालं. मी मोजलं. दहा मिनिटांत पाच वेळा तिनं विचारलं आणि पाचही वेळा उत्तर ओठांवर येऊन परत गेलं. मुलगी बापाला उत्तरासाठी विनवत होती, बाप उत्तर द्यायला उभा होता, आणि मधे ती दोन-चार सेकंदं. काकांचा हात ओव्हनच्या बटणाकडे गेला. मग माझ्याकडे बघून त्यांनी तो मागं घेतला.

मला राहवलं नाही. मी स्पीकरजवळ गेलो. "रेखाताई, विलास बोलतोय. लाइन चालू आहे, काही तुटलेलं नाही. तुम्ही आत्ता बाबांना विचारलंत ना, तर आता काही बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा."

"का? काय झालं?"

"काही नाही झालं. थांबा फक्त."

स्वयंपाकघरात फक्त तव्याखालच्या ज्योतीचा आवाज. काकांनी गॅस बंद केला. स्पीकरसमोर सरळ उभे राहिले, हात पाठीमागं बांधून.

"रेखा," ते म्हणाले. "मी येणार नाय. तू बोलावतेस, बरं वाटतं. पण मला इथं बसल्या जागी कळतं, कुठली गाडी आली, कोण गेलं. डोळे मिटले तरी मी कुठं हाय ते मला कळतं. तिथं एकपण आवाज माझ्या ओळखीचा नाय. तुझा सोडून. आणि तू दिवसभर कामावर." थांबले. पलीकडे शांत होतं. "दुसरं. आवाज जो बंद पडत होता तो मी पाडत होतो. ओव्हन लावून. विलासचा दोष नाय. नोंद केलेली हाय. संपलं."

काका वाट बघत उभे.

"म्हणजे मी बोलत असताना," शेवटी रेखाताई हळू म्हणाल्या, "तुम्ही मला बंद करत होतात."

काका थांबले. मग मान खाली घातली.

"बरं बाबा," रेखाताई म्हणाल्या, आणि आवाज गेला.

मी घरी निघालो तेव्हा काका अर्धी भाजलेली भाकरी पुन्हा तव्यावर टाकत होते.

मला वाटलं होतं, मी मोठं काम केलं. तसं झालं नाही. रेखाताईंचा रोजचा फोन बंद झाला. रविवारी यायचा; तब्येत, गोळ्या, पाणी आलं का, नाही आलं का, आणि ठेवते. त्यांनी मला एकदा फोन केला होता, बिल कुठं भरायचं ते विचारायला. ठेवता ठेवता म्हणाल्या, "दादा, मला वाटायचं लाइन खराब आहे. लाइन खराब होती तेच बरं होतं." दोष शोधायला मला बोलावलं होतं. मी तो शोधून दिला होता.

त्या हिवाळ्यात काकांच्या तक्रारी वाढल्या. आठवड्यातून एकदा तरी फोन. "विलास, एकदा बघून जा." जाऊन बघावं तर सगळं ठीक. वही कोरी. आम्ही चहा प्यायचो, मी उगाच राउटरवरची धूळ पुसायचो आणि निघायचो. दोघांनाही ठाऊक होतं, बिघाड काही नाही.

एकदा मात्र मी न बोलावता गेलो. दुपारची वेळ होती. दार उघडंच. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि आत स्वयंपाकघरात कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं, जनीबाई आल्या असतील. नीट ऐकलं तर तो काकांचाच आवाज. "चाचणी. एक. दोन. तीन. चाचणी." थोडं थांबून पुन्हा. मोबाईलवर स्वतःचा आवाज भरून त्यांनी तो आतल्या स्पीकरवर लावला होता.

मला बघून ते दचकले नाहीत. मोबाईल उचलून बंद केला.

"स्पीकर बरोबर चालतो का बघत होतो," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आतून कुणाचातरी आवाज आला की घर बरं वाटतं."

पुढं मार्चमध्ये जनीबाई पाण्याला जाताना पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. त्यांचा मुलगा बायकोसह भिवंडीला कामावर गेलेला, पाड्यावर त्या एकट्याच. लोकांनी त्यांना जीपनं जव्हारला आणलं, हाताला प्लास्टर झालं, आणि त्या काकांकडे राहिल्या. पाच आठवडे त्या घरात सकाळपासून भांडणं चालली होती. बहीण म्हणायची, गॅसवरच्या भाकरीला चव नाही. भाऊ म्हणायचा, मग एका हातानं चूल पेटव. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मला कुणी चहा विचारला नाही, इतके ते आपल्या बोलण्यात होते.

प्लास्टर निघालं तशी जनीबाईंना घराची ओढ लागली. काका त्यांना सोडायला गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले. आले ते दहा दिवसांनी, तेसुद्धा सामान न्यायला. मला बोलावून घेतलं.

"जोडणी बंद कर."

"किती दिवस?"

"तिला एक हात धड नाय. तिचा पोरगा पावसाला येईल, तो तरी येईल का ठाऊक नाय. पेरणी कोण करणार?" त्यांनी दोन्ही स्पीकर पुसून, तारा गुंडाळून खोक्यात भरले आणि खोक्यावर रेखाताईंचा पत्ता लिहिला. "हे तिला पाठव."

"काका, तिथं नेट सोडा, रेंजपण धड नाही. रेखाताईंना फोन कुठून करणार?"

"शाळेमागच्या टेकाडावर येते म्हणतात."

रेखाताई माझ्यावर उखडल्या. "पुण्याला यायला नाही म्हणाले आणि सूर्यमाळला गेले? या वयात? आणि तुम्ही जाऊ दिलंत?" मी ऐकून घेतलं. राग माझ्यावर नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं काम असतं का हो तिकडं कधी?"

मे महिन्यात काम निघालं. मला सूर्यमाळच्या रस्त्याला एक पाहणी करायची होती. त्या दिवशी मी काकांना शेवटचं पाहिलं.

शेवटचं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आषाढात रेखाताई रजा काढून चार दिवस पाड्यावर येऊन गेल्या, चिखलात उतरून आत्याबरोबर रोपं लावून गेल्या, हे मला मागाहून त्यांच्याकडूनच कळलं. भाद्रपदात काका सकाळी अंगणात बसल्या जागी गेले. जोराचा पाऊस होता, रस्ता बंद होता. रेखाताई पोचल्या दुसऱ्या दिवशी, मी तिसऱ्या.

पण मी सांगत होतो मे महिन्याचं. डोंगर उन्हानं पिवळे पडले होते. जीप वळणावर थांबवून मी खाली उतरलो. उतारावर एका वावरात राब भाजायचं चाललं होतं. पेरणीआधी आमच्याकडे शेताच्या एका तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात. राखेत रोप चांगलं येतं. जनीबाई डोक्यावरचा पाल्याचा भारा एका हातानं सावरत येत होत्या. काका काटकीनं कडेची आग आत लोटत होते. अंगात बनियन, डोक्याला फडकं, पाय राखेनं पांढरे. मी त्यांना शर्टाशिवाय पहिल्यांदाच बघत होतो. आधी ओळखलंच नाही.

मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं आणि चढून आले. दम लागला होता.

"रेखाताईंनी विचारलंय, कसे आहात म्हणून," मी म्हटलं. "काय सांगू?"

काकांनी फडक्यानं तोंड पुसलं. खाली वावराकडे बघितलं.

"सांग, पाऊस लागला की नागली लावायची हाय. रोपं काढायला माणूस कमी हाय. तिला रजा मिळाली तर ये म्हणावं." मग जरा ओशाळून म्हणाले, "मिळाली तर. नायतर राहू दे."

जनीबाईंनी खालून काहीतरी ओरडून सांगितलं. वारा फिरला होता, आग कडेनं गवतात सरकत होती. काका वळले आणि उतारावरून जवळजवळ धावतच खाली गेले. धूर दाट झाला. त्यांची काटकी एकदा वर आलेली दिसली, पुन्हा खाली गेली. मी थोडा वेळ थांबलो, पण धूर वरच चढत होता आणि मला मोखाड्याला पोचायचं होतं.